पिठल्यावरचे पार्मेजान : एक उत्तरपक्ष

इटलीच्या कडक, मुरलेल्या चीजला मराठी स्वयंपाकघरात जागा नाही, हे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते सिद्ध करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. खराडीत ते जरा अधिकच ऐकू येते, कारण इथे ते चीज डोळ्यांसमोर असते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महापालिकेत आलेले हे मुळा-मुठेकाठचे गाव. आता तिथे इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे आहेत. चंदननगरच्या मंडईतून मेथीची जुडी घेऊन निघालेला माणूस त्याच फेरीत सुपरमार्केटच्या थंड फळीवरून पार्मेजानचा तिकोनी तुकडा उचलू शकतो, आणि उचलतोही. तो तुकडा एकदा पास्त्यावर किसला जातो आणि मग फ्रिजच्या दारात केचपच्या बाटलीमागे बुरशी धरेपर्यंत पडून राहतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा अभिप्राय ठरलेला असतो, "हे आपलं खाणं नव्हे." तुकडा आणणारी सून दोन वर्षे ऑनसाइट राहून आलेली असते. तीही तेच म्हणते, फक्त दुसऱ्या टोकाकडून, "आई, ते तुमच्या भाजीत नाही घालायचं."

सासूसुनेचे एकमत होणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण या ठिकाणी दोघींचेही चुकते आहे असे मला वाटते, आणि दोघींच्या चुकीचे मूळ एकच आहे. दोघी या पदार्थाकडे 'चीज' म्हणून पाहतात. तो चवीला घालायचा जिन्नस आहे असे कोणी पाहत नाही.

जुन्या वादपद्धतीत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून दाखवण्याची शिस्त होती, ती पाळायला हरकत नाही. पूर्वपक्ष असा : एक, दूध नासवून टिकवण्याची रीत आपल्या परंपरेत नाही, उलट दूध फाडणे निषिद्धच होते. दोन, या चीजचा वास आणि खारटपणा आपल्या मसाल्यांशी जुळत नाही. तीन, किलोचा भाव ऐकूनच मध्यमवर्गीय माणूस मागे सरतो. चार, ते शाकाहारी नाही. वासराच्या पोटातल्या द्रव्याने गोठवलेले असते. याला जोडून सुनेचा पाचवा, की इटलीत ज्याची जागा ठरलेली आहे ते थालीपिठावर घालणे म्हणजे त्या पदार्थाचा अपमान. यांतला चौथा आक्षेप खरा आहे. त्याला मी शेवटी हात घालणार आहे, कारण बाकीचे चार उडाले तरी तो उरतो.

परंपरेच्या आक्षेपामागे मोठे नाव उभे आहे. के. टी. अचय्या यांनी भारतीय आहाराच्या इतिहासावरील आपल्या १९९४ च्या ग्रंथात असे मांडले की, दूध मुद्दाम फाडण्यावर आर्यांचा निषेध होता आणि पोर्तुगीजांच्या सहवासात बंगालमध्ये तो सुटला. छेन्याच्या मिठाया त्यानंतरच्या. हे विधान पुढे लेखांतून, पाककृतींच्या प्रस्तावनांतून इतके फिरले की त्याला स्मृतिवचनाची कळा आली. अचय्यांचा अधिकार मोठा, यात शंका नाही. पण या मुद्द्यावर जुने ग्रंथच त्यांच्या बाजूने बोलत नाहीत.

चातुर्मास्य यागांतले पहिले पर्व वैश्वदेव. त्यात तापलेल्या दुधात दही घालतात. त्याने जो घट्ट गोळा बनतो ती आमिक्षा, आणि जे पाणी सुटते ते वाजिन. आमिक्षा विश्वेदेवांना, वाजिन वाजी नावाच्या देवतांना. मीमांसकांनी तर यावर खास चर्चा केली आहे. दही घालण्याचे प्रयोजन काय, आमिक्षा की वाजिन? निर्णय असा, की प्रयोजन आमिक्षा. वाजिन ओघाने हाती येते. ज्या कर्मात दूध फाडणे हा विधीच आहे, त्या कर्माच्या परंपरेला दूध फाडण्याचा विटाळ होता असे कसे म्हणावे? तैत्तिरीय संहितेत सान्नाय्याच्या, म्हणजे यागातल्या दूध-दह्याच्या आहुतीच्या, प्रकरणात दूध कशाने विरजावे याची यादी येते : पूतीका नावाची वनस्पती, पळसाची साल, बोरे, तांदूळ, दही. कशाने विरजले म्हणजे ते कोणाचे होते, हेही सांगितले आहे. बोरांनी विरजलेले राक्षसांच्या वाट्याला जाते. (बोरांवर हा राग का, ते ऋषीच जाणोत.) पूतीका म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर पंडितांचे एकमत नाही, पण दूध गोठवायला झाडपाला वापरता येतो हे त्या लोकांना ठाऊक होते एवढे यातून निश्चित दिसते.

त्याहून जवळचा पुरावा 'मानसोल्लासा'चा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा हा ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेला लागून. मराठी भाषेच्या इतिहासकारांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी परिचित आहे, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेसाठी तो संपादित केला श्रीगोंदेकरांनी. त्याच्या अन्नभोग प्रकरणात क्षीरप्रकार नावाचे पक्वान्न आहे. दूध तापवून त्यात आंबट पदार्थ घालायचा, फाटलेला घट्ट भाग वेगळा करायचा, त्यात तांदळाचे पीठ मळून आकार द्यायचे आणि तुपात तळायचे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे यानंतर पावणेचारशेहून अधिक वर्षांनी. आणि हे पक्वान्न राजाच्या ताटातले आहे, चोरून खाण्याचे नव्हे.

यावर प्रतिपक्षी म्हणेल की ही सगळी उदाहरणे ताज्या फाटलेल्या दुधाची. ते मुरवून, वर्षभर टिकवून ठेवल्याचे यात कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. मुरवणे आपल्याकडे झाले नाही, पण त्याचे कारण धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा तापमापकात शोधावे. पार्मेजानची चाके ज्या भांडारात ठेवतात तिथे हवा गार आणि बेताची दमट असावी लागते, आणि तीही महिनोन्महिने तशीच. पुण्याच्या एप्रिलमध्ये चाळिशीला टेकलेल्या उन्हात आणि जुलैच्या ओलीत दुधाचा गोळा वर्षभर ठेवण्याचा प्रयोग कोणी केला असेल तर त्याचा शेवट सांगायला नको. इथे दूध टिकवण्याचा शहाणा मार्ग म्हणजे लोणी काढून तूप कढवणे. ज्या भागात गारठा होता तिथे भारतीयांनी चीज केलेच : सिक्कीम-दार्जिलिंगची दगडासारखी छुर्पी आहे, जम्मूच्या डोंगरातली कलाडी आहे. तिथले लोक काही निराळी स्मृती वाचत नव्हते.

आता तर भूगोलाची ती अडचणही संपली आहे. खराडीहून मुंढव्याचा पूल ओलांडून कोरेगाव पार्कच्या बाजूला गेले की एबीसी फार्म्स लागते. सोहराब चिनॉय यांनी तिथे युरोपीय पद्धतीची चीज करून विकायला सुरुवात केली त्याला कित्येक वर्षे झाली. नाशिक रस्त्याने मंचरला जा, तिथे पराग मिल्क फूड्सचा चीजचा भलामोठा कारखाना आहे. पुणेकराने चीजला परके म्हणायचे आणि आंबेगाव तालुक्याने टनावारी चीज करायचे, अशी ही गंमत.

बटाटा, मिरची आणि साबुदाणाही बाहेरूनच आले, हा युक्तिवाद मी करणार नाही. तो झिजला आहे आणि लंगडाही आहे. बाहेरून आलेले सगळेच रुजते असे नाही. कित्येक गोष्टी आल्या आणि दुकानाच्या फळीवरच राहिल्या. एखादा पदार्थ रुजावा की नाही हे तो इथे कोणते काम करतो यावर ठरते. म्हणून मुख्य प्रश्न चवीचा.

आपल्या मनातली चीजची कल्पना घडवली ती डब्यातल्या आणि क्यूबमधल्या प्रक्रिया केलेल्या चीजने. हा प्रकार १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून गावी वाल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी काढला. तयार चीज क्षारांबरोबर पुन्हा वितळवायचे, म्हणजे ते एकजीव, मऊ आणि टिकाऊ होते. उत्तम कल्पना. पण त्यामुळे आपली परीक्षा ठरून गेली : चीज म्हणजे वितळणारे, तार सुटणारे, सौम्य, मुलांच्या डब्याचे. या परीक्षेत पार्मेजान नापास होते. ते ताणले जात नाही, सँडविचमध्ये घातले तर भुसभुशीत राहते आणि वास मारते. मग 'महाग आणि कामाचे नाही' असा शेरा बसतो. परीक्षाच चुकीच्या विषयाची घेतली, एवढेच.

ते बनते कसे हे पाहिले की विषय कोणता ते कळते. खरे पार्मिजानो रेज्जानो पार्मा, रेज्जो एमिलिया, मोडेना या जिल्ह्यांत आणि बोलोन्या व मांतोवाच्या ठरावीक भागांतच बनवता येते. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट भांड्यात ठेवून सकाळी वरची साय काढतात आणि त्यात सकाळचे ताजे दूध मिसळतात. दूध कच्चेच असते. घंटेसारख्या तांब्याच्या कढईत आदल्या दिवशीच्या निवळीचे विरजण आणि वासराचे रेनेट घालून ते गोठवतात, गोठलेला भाग तांदळाच्या कण्यांएवढा बारीक फोडतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागते आणि तयार चाक चाळीस किलोच्या आसपास भरते. पुढे सुमारे वीस दिवस मिठाच्या पाण्यात, आणि मग फळीवर. बारा महिन्यांच्या आत त्याला ते नाव लावता येत नाही. चोवीस, छत्तीस महिनेही ठेवतात. या काळात पाणी उडत जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुधातली प्रथिने तुटत तुटत अमिनो आम्लांपर्यंत येतात. चीज फोडल्यावर जे पांढरे कण दाताखाली कुरकुरतात ते मिठाचे खडे नव्हेत; टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लाचे ते स्फटिक. आणि मोकळे ग्लुटामेट शंभर ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर जाते. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची जी रसदार, भरीव चव जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी काढून दाखवली, ती या ग्लुटामेटची.

ही चव मराठी माणसाला अनोळखी आहे काय? मुळीच नाही. कोकणच्या किनाऱ्यावर ती सुकवून बरणीत भरतात. सोडे, सुकट, बोंबील. सीकेपी घरात वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे पडतात तेव्हा कोणी त्याला 'कोळंबीची भाजी' म्हणत नाही. भाजी वांग्याचीच असते, सोडे तिला खोली देतात. सोड्याची खिचडी घ्या. तिच्यात तांदूळ मुख्य, सोडे बेताचे, आणि तरी सगळ्या पातेल्याची चव त्यांनी ठरवलेली. सोडे भाजताना घरभर वास सुटतो, शेजारचे खिडकी लावतात, आणि जेवायला बसल्यावर तोच वास कुठे गेला ते कळत नाही. सोडे महाग असतात, झाकण घट्ट लावून ठेवतात, मोजून काढतात. कडक चीजबद्दल आपण जे जे आक्षेप घेतो ते सगळे सोड्यांना लागू आहेत, आणि तरी सोडे कोणी टाकून देत नाही. कारण त्यांचे काम सगळ्यांना माहीत आहे.

आता शाकाहारी मराठी स्वयंपाकघर पाहा. भाजलेले खोबरे, तीळ, दाण्याचा कूट, गोडा मसाला, मेतकूट. खमंगपणाची श्रीमंती अपार. पण सोड्यांचे काम करणारा, वर्षभर टिकणारा आणि चिमटीने घालायचा जिन्नस तिथे नाही. पिकलेला टोमॅटो थोडे काम करतो, पण आंबटपणा घेऊन येतो. ही रिकामी जागा खरीखुरी आहे, आणि मुरलेले चीज नेमके तिथे बसते. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. बाकीचा लेख त्याची पुरवणी.

खारटपणाचा बाऊ तर निव्वळ गैरसमज. पार्मेजानच्या शंभर ग्रॅममध्ये मीठ दीड ग्रॅमच्या थोडे वर असते. कैरीच्या लोणच्यात याच्या कितीतरी पट असते आणि ते आपण वाटीने वाढतो. जिभेला ते अधिक खारट वाटते याचे श्रेय ग्लुटामेटला. म्हणूनच ते घातलेल्या पदार्थात मीठ थोडे कमी करता येते. मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो रोमानो मात्र खरोखरच खारट असते. त्याच्याशी आपल्या स्वयंपाकाची गाठ न घातलेली बरी.

भावाचेही तेच. एक किलो पार्मेजानला सुमारे चौदा लिटर दूध लागते, म्हणजे दहा ग्रॅम किसात फक्त १४० मिलिलिटर दूध आले. माणशी दहा ग्रॅम हे प्रमाण सढळ आहे. पिठल्याला त्याहून कमी पुरते. दोनशे ग्रॅमचा तुकडा चौघांच्या घरात महिनाभर सहज चालतो. पास्त्याच्या एका बशीवर तो निम्मा संपवला तर महाग वाटणारच. किलोच्या भावाने सोडेही कोणी जोखत नाही.

तर पिठले. इथे मला एका ताज्या संशोधनाची मदत मिळते. रोमचा काचो ए पेपे हा पदार्थ म्हणजे पास्ता, पेकोरिनो आणि मिरपूड, एवढाच. पण गरम पाण्यात चीज घातले की त्याच्या गुठळ्या होतात, ही तिथल्या घराघरातली तक्रार. काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास करून दाखवले, की उष्णतेने चीजमधली प्रथिने एकमेकांना चिकटतात. पण चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च पाण्यात असेल तर ती विखुरलेली राहतात आणि रस गुळगुळीत होतो. २०२५ चा भौतिकशास्त्राचा इग नोबेल त्यांना या कामासाठी मिळाला. हसून सोडून देण्यासारखा पुरस्कार, पण निष्कर्ष पक्का. आता पिठल्यात काय असते? बेसन. म्हणजे स्टार्च दोन-तीन टक्के कसला, चीजच्या कित्येक पट. रोमच्या स्वयंपाक्याला ज्यासाठी पास्त्याचे पाणी राखून ठेवावे लागते, ते आपल्या पातेल्यात आधीच आहे. लसूण-हिरवी मिरचीचे सैल पिठले नेहमीसारखे शिजवावे, हिंग निम्मा घालावा, पातेले खाली उतरवून मिनिटभर थांबावे आणि बारीक किसलेले चीज भुरभुरून ढवळावे. गुठळी होत नाही. भाकरीबरोबर खाताना पाहुण्याला चीज ओळखू येत नाही. पिठले आज चांगले जमले आहे एवढेच तो म्हणतो, आणि तेच अपेक्षित आहे.

फोडणीत मात्र ते कधीही घालू नये. जळते आणि कडू होते. शेवटी, आचेवरून उतरवल्यावर, हा नियम सगळीकडे. ज्वारीच्या उकडीवर, मुगाच्या पातळ खिचडीवर तुपाच्या जोडीने, वांग्याच्या भरितात दह्याऐवजी, थालीपिठावर लोण्याच्या गोळ्याखाली. भाजणीच्या पिठात मळू नये. तव्यावर काळे डाग पडतात. लाल भोपळ्याची मेथीदाणा-मिरची घालून केलेली भाजी यांत माझी सर्वांत आवडती, आणि तिला इटलीचा दाखलाही आहे. मांतोवात लाल भोपळा आणि किसलेले चीज भरून तोर्तेल्ली करतात; भोपळ्याचा गोडवा आणि या चीजचा खमंगपणा यांची जोडी तिथे जुनी आहे. उरली साल. इटलीत ती भाज्यांच्या सुपात टाकून उकळतात. आपण ती पावट्याच्या किंवा राजम्याच्या उसळीत शिजताना टाकावी आणि वाढण्याआधी काढून घ्यावी. पण आधी नखाने खरवडून पाहावे : साल चीजचीच घट्ट झालेली असली तरच. खराडीतल्या फळ्यांवर जे स्वस्त तुकडे मिळतात त्यांतल्या काहींवर मेणाचा किंवा प्लास्टिकचा लेप असतो, तो उसळीत नको.

काही ठिकाणी ते बसत नाही, हेही सांगितले पाहिजे. चिंचगुळाच्या आमटीत ते वाया जाते. गूळ, चिंच आणि गोडा मसाला यांनी आधीच सगळी जागा व्यापलेली असते. ओल्या नारळाच्या वाटणात दोन गुळमट स्निग्धता एकमेकींना मारतात. कढी, सोलकढी यांच्या वाटेला जाऊ नये. वासाचा आणि मसाल्याचा आक्षेप असा निम्मा खरा आहे. पण निम्म्या पदार्थांत न चालणारा जिन्नस स्वयंपाकघरातून हद्दपार करायचा ठरवला तर कोकमही जाईल.

आता सूनबाईंकडे. ज्या नियमांची त्या आठवण करून देतात ते नियम इटलीतल्या स्वयंपाकघरांनीही फारसे पाळलेले दिसत नाहीत. चौदाव्या शतकात बोकाच्चोने 'डेकामेरॉन'मध्ये किसलेल्या पार्मेजानचा अख्खा डोंगर उभा केला आहे, आणि त्यावरचे लोक मकरोनी करून कोंबड्याच्या रश्श्यात शिजवतात. आजचा कर्मठ पास्तावाला त्या रश्श्याला नाक मुरडेल. लंडनच्या १६६६ च्या आगीत रोजनिशीकार सॅम्युअल पेपीसने आपले पार्मेजान वाइनबरोबर बागेत खड्डा खणून पुरले. तो ते कशावर किसणार होता हे त्याला कोणी विचारले नाही. पार्मा विद्यापीठातले अन्नेतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत असेही म्हटले, की आजीआजोबांच्या काळातल्या पार्मेजानशी खरे साम्य आहे ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पार्मेजानचे. इटलीत मोठा गहजब झाला. ग्रांदी थोडे चिथावणीखोर बोलतात असे मला वाटते, पण परंपरा म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे विसाव्या शतकातले आहे हा त्यांचा मुद्दा खोडणे सोपे नाही. पार्मिजानो उत्पादकांचा संघच मुळात १९३४ चा. आणि तिथल्या गोठ्यांत आज कोण राबते? पो नदीच्या खोऱ्यात गाई सांभाळणाऱ्या मजुरांत पंजाबी शिखांचा भरणा मोठा आहे. रेज्जो एमिलियातल्या नोवेल्लारा गावी त्यांचा गुरुद्वारा २००० मध्ये उभा राहिला. ज्या चीजच्या दुधाला पंजाबी हात लागतात ते पिठल्यावर पडले तर कोणाचा अपमान होतो?

राहिला चौथा आक्षेप, रेनेटचा. इथे पळवाट नाही. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमावलीत वासराचे रेनेट सांगितले आहे. ते वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. म्हणून त्या नावाचे अस्सल चीज शाकाहारी असूच शकत नाही, ते कितीही महागड्या दुकानातून आणले तरी. त्याचे स्वस्त भावंड ग्राना पादानो यात आणखी एक पायरी पुढे आहे : त्यात बहुधा अंड्याच्या पांढऱ्यापासूनचे लायसोझाइम असते. जैन घरात हे माहीत असलेले बरे. पेकोरिनो रोमानोला कोकराचे रेनेट. तिघांपैकी एकालाही सूट नाही.

आपल्याकडच्या २०११ च्या अन्ननियमांनी चीजची व्याख्या करताना प्राणिजन्य नसलेले रेनेट किंवा दुसरे योग्य द्रव्य असे म्हटले. कायद्याने शाकाहाराची बाजू घेतल्याचे हे ठळक उदाहरण. यातून ग्राहकाला एक सोपा ताळा मिळतो. तुकड्याच्या वेष्टणावर हिरवी खूण असेल तर आत जे आहे ते पार्मिजानो रेज्जानो नाही. त्या धर्तीचे दुसरे कडक चीज आहे. युरोपात तर २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने 'पार्मेजान' हे नावही त्या संरक्षित नावाची आठवण करून देते, म्हणून ते दुसऱ्या चीजला लावता येणार नाही, असा निकाल दिला. आपल्याकडे ते नाव सर्रास चालते, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. शाकाहारी म्हणून ठळक अक्षरांत मिरवणाऱ्या मेनूकार्डावर 'अस्सल इटालियन पार्मेजान' असे छापलेले दिसले, तर त्या दोन शब्दसमूहांपैकी एक खोटा आहे. कोणता, हे ऑर्डर देण्याआधी विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

मग हिरव्या खुणेचे चीज नकली म्हणून टाकून द्यायचे का? ही सुनेच्या पक्षाची शेवटची तटबंदी, आणि तीही तितकी भक्कम नाही. दूध गोठवण्याचे काम करणाऱ्या द्रव्याचे मुख्य अंग म्हणजे कायमोसिन हे विकर. १९९० पासून ते सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने बनवून घेतले जाते, आणि रेणू म्हणून ते वासराच्या कायमोसिनपेक्षा वेगळे नसते. दुसरा मार्ग बुरशीपासूनच्या विकरांचा. तिसरा झाडपाल्याचा : पोर्तुगालचे सेर्रा दा एश्त्रेला हे नामांकित चीज एका काटेरी झुडपाच्या फुलांनी गोठवतात, आणि सिंध-पंजाबात पनीरडोडीची फळे याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तैत्तिरीय संहितेतल्या पळसाच्या सालीला हे सगळे फारसे नवे वाटले नसते. पार्मेजानची चव घडते ती चाऱ्यातून, कच्च्या दुधातून, विरजणातल्या जिवाणूंतून आणि सगळ्यांत अधिक काळातून. रेनेटचा वाटा त्यात आहे, पण लहान.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. बुरशीजन्य विकरे प्रथिनांना जरा आडवीतिडवी तोडतात, त्यामुळे फार मुरवलेल्या चीजमध्ये मागाहून किंचित कडवटपणा उरू शकतो. पिठल्यातल्या लसूण-मिरचीपुढे तो टिकत नाही, भोपळ्याच्या भाजीतही नाही. नुसता तुकडा तोंडात टाकला तर जाणवतो. तेव्हा मांसाहार वर्ज्य असलेल्या घराने हिरव्या खुणेचा तुकडा आणावा, सालीवरचा लेप आणि मुरवण्याचे महिने वाचून घ्यावेत, घरी बटरपेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावा आणि किसूनच वापरावा. आयते किसलेले डबाबंद चूर्ण कोणीच आणू नये. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून सेल्युलोज घातलेले असते, आणि सुगंध डबा भरायच्या आधीच उडालेला असतो.